किराण्याच्या दुकानातील द्राक्षारस

काही वर्षांपूर्वीची वैशाखातली सकाळ. सहाच्या मिस्साची पहिली घंटा व्हायची होती. आमचे वृद्ध सॅक्रिस्टन वेदीची तयारी करीत होते. द्राक्षारसाच्या बाटलीचे बूच काढून त्यांनी ती सवयीने नाकाशी नेली, क्षणभर थबकले आणि बाटली आमच्यापुढे धरून म्हणाले, "फादर, वास घ्या. हे आंबलंय."

बाटली अर्ध्याहून अधिक भरलेली होती. आम्ही वास घेतला. शंकेला जागाच नव्हती. सिरक्याचा उग्र दर्प येत होता. धर्मसंहितेचे ९२४ वे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांपासून नैसर्गिक रीतीने बनलेला हवा आणि तो नासलेला नसावा. त्या दिवशी दुसरी बाटली कपाटात होती म्हणून निभावले. पण सेमिनरीत कलम पाठ करताना जो प्रश्न आम्हाला कधी पडला नाही, तो त्या सकाळी पडला. वर्षानुवर्षे त्याच कपाटात, त्याच उकाड्यात बाटल्या राहिल्या आणि नासल्या नाहीत. मग हीच का नासली?

उत्तर सोपे निघाले. नेहमीचा गोडसर, जड द्राक्षारस त्या महिन्यात वेळेवर पोहोचला नव्हता. म्हणून आम्ही धर्मप्रांताच्या कार्यालयाला विचारून नाशिककडचा शुद्ध, पण हलका व स्वस्त द्राक्षारस आणला होता. आमचे धर्मग्राम लहान. रोज दोन-चार चमचे द्राक्षारस लागतो, म्हणजे एक बाटली महिनाभर उघडी राहते. जड द्राक्षारस ते सोसतो, हलका सोसत नाही. एवढ्याशा फरकावर एका देशाचे राजकारण काही वर्षे घुसळून निघाले होते, हे आम्हाला पुढे वाचनात कळले. त्या वाचनातील काही भाग वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. जुन्या व किमती मद्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. स्वस्त द्राक्षारस, तो विकत घेणारी साधी माणसे आणि त्यांची घरे यांचा इतिहास मात्र कुठे एका जागी सापडत नाही.

(एक खुलासा. 'द्राक्षारस' हा आमच्या बायबलमधील शब्द. बाजारात जाऊन तो उच्चारला तर दुकानदार आपल्याला फळांच्या रसाच्या गाडीकडे पाठवील. तेथे 'वाइन'च म्हणावे लागते. आम्ही दोन्ही शब्द वापरणार आहोत.)

प्राचीन काळी साठवण हाच मोठा प्रश्न होता. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात भरू नये, हा प्रभू येशूचा दाखला आपण सारे लहानपणापासून ऐकतो. त्यातील व्यवहार आम्हाला मात्र आमच्या आईच्या स्वयंपाकघरात उमगला. वसईतील अनेक घरांप्रमाणे आमच्याकडेही नाताळासाठी काळ्या द्राक्षांची वाइन चिनी मातीच्या बरणीत घातली जाई. एका वर्षी आम्हा भावंडांच्या उतावळेपणामुळे ती आंबणे पुरते थांबण्याआधीच बाटल्यांत भरली गेली व बुचे घट्ट ठोकली गेली. मध्यरात्री खाटेखालून बार उडाल्यासारखा आवाज झाला. सकाळी काचा व जांभळे डाग पुसताना आईने जे ऐकवले ते येथे छापण्यासारखे नाही. आंबणाऱ्या रसातून वायू निघतो. नवे कातडे ताणते, जुने ताठर झालेले फाटते. गालीलातील साध्या श्रोत्यांना हे समजावून सांगावे लागले नसणार.

रोमन लोकांनी मातीच्या उंच कुंभांना आतून राळेचा लेप देऊन द्राक्षारस साठवला. श्रीमंतांचे कुंभ कित्येक वर्षे टिकत. गरिबाला मिळे ते त्या वर्षीचे, पातळ आणि लवकर संपवायचे. कॅटोच्या शेतीवरील ग्रंथात मळ्यातील गुलामांच्या शिध्याचा हिशेब आहे. द्राक्षे तुडवून झाल्यावर उरलेल्या चोथ्यात पाणी घालून जे पेय निघे, ते त्यांनी पहिले तीन महिने प्यावे असे त्यात सांगितले आहे. पुढे गॉल प्रदेशातील लाकडी पिंप सर्वत्र पसरले. पिंप वाहतुकीला उत्तम, पण घराला गैरसोयीचे. जसजसा द्राक्षारस काढावा तसतशी वर हवा साचते आणि महिन्या-दोन महिन्यांत तळाचा भाग आंबट होतो. ज्याच्या घरी पिणारे पुष्कळ, त्यालाच पिंप परवडे. बाकीच्यांनी मडके घेऊन गुत्त्यावर जावे आणि मिळेल ते आणावे.

मिळे ते काय असे, याची एक करुण कथा जर्मनीतील उल्म शहरात घडली. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील मठांत चमत्कारिक पोटशूळ पसरला. शहराचे वैद्य एबरहार्ड गॉकेल यांच्या ध्यानात आले की जे मठवासी द्राक्षारस घेत नाहीत ते ठणठणीत आहेत. त्यांनी शोध घेतला. आंबट झालेला स्वस्त माल गोड करण्यासाठी व्यापारी त्यात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाची भस्मवजा पूड, घालीत होते. शिसे आम्लाशी मिळून गोड लागते आणि माणसाला हळूहळू मारते. १६९६ मध्ये वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने ही भेसळ करणाऱ्याला देहदंड फर्मावला. आम्हाला या हकिकतीतील मठवासी डोळ्यांपुढे येतात. काटकसरीचा द्राक्षारस घेतल्याचा त्यांना कदाचित आनंदच वाटला असेल.

स्वस्त माल बिघडतो म्हणून त्यात भेसळ होते, आणि भेसळ होते म्हणून स्वस्त मालावरचा विश्वास उडतो. हे दुष्टचक्र कुठेतरी तुटायला हवे होते. ते तोडण्याचा एक प्रयत्न इंग्लंडात झाला. वस्तुतः तेथे द्राक्षे फारशी पिकतही नाहीत. सारा द्राक्षारस जहाजाने येई. म्हणूनच तो कोणाच्या घरात शिरणार हे हवामानापेक्षा जकात आणि कायदाच अधिक ठरवीत असत.

सतराव्या शतकातील इंग्रज घराचे चित्र सॅम्युअल पेप्स या आरमाराच्या कारकुनाने आपल्या रोजनिशीत रेखाटून ठेवले आहे. काचेच्या बाटल्या तेव्हा तोंडाने फुंकून बनत, त्यामुळे दोन बाटल्यांचे माप सारखे नसे. व्यापारी पिंपातून मापाने विकी. गिऱ्हाईक आपल्या बाटल्या घेऊन जाई. ऑक्टोबर १६६३ मध्ये पेप्स गुत्त्यात जाऊन स्वतःची मुद्रा उठवलेल्या पाच-सहा डझन नव्या बाटल्या भरल्या जाताना पाहून आला. जुलै १६६५ मध्ये त्याने आपल्या तळघरातील पिंपे मोजली. तांबडी वाइन, कॅनरी बेटांवरची, मलागाची, पांढरी. आपल्या कुळात एका वेळी इतका साठा कोणाकडे नसेल, असे त्याला अभिमानाने वाटले. पुढच्या वर्षी लंडनला आग लागली तेव्हा त्याने बागेत खड्डा खणून वाइन आणि चीज पुरून ठेवले. माणूस मोठा गमतीचा. पण हे चित्र तळघर असलेल्या, पाच-सहा डझन बाटल्यांचे पैसे एकदम मोजू शकणाऱ्या घराचे आहे. त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या मुलीच्या घरचे नाही.

१७०३ च्या मेथ्यूएन कराराने पोर्तुगालच्या वाइनवरील जकात फ्रान्सच्या वाइनपेक्षा निदान एक तृतीयांशाने कमी ठरली. फ्रान्सशी वैर होते, पोर्तुगालशी मैत्री. परिणामी पोर्ट ही जड, गोड, मद्यार्क घातलेली वाइन इंग्रज मध्यमवर्गाच्या जिभेवर बसली ती पिढ्यान्‌पिढ्या. फ्रान्सची हलकी तांबडी क्लॅरेट सरदार-जमीनदारांपुरती उरली. पोर्टची मागणी वाढली तशी नकली पोर्टही वाढली. १८२० मध्ये लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक आकुम यांनी खाद्यपदार्थांतील भेसळीवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि खळबळ उडवून दिली. नवी बाटली जुनी दिसावी म्हणून बुचाचे टोक रंगवण्याचा, बाटलीच्या आत कृत्रिम साका बसवण्याचा धंदाच चालतो, हे त्यांनी चव्हाट्यावर आणले. जुने ते सोने मानणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या समजुतीनेच फसवले जात होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जकात गॅलनला सुमारे ५ शिलिंग ९ पेन्स होती. एका गॅलनच्या सहा बाटल्या होतात. म्हणजे बाटलीत अमृत असो वा सिरका, तिच्यावर सरकारचे जवळजवळ १ शिलिंग चढलेलेच असे. जकात किमतीवर नसून मापावर होती, ही यातील खरी मेख. शंभर रुपयांच्या आणि हजार रुपयांच्या बाटलीवर सारखाच कर बसवला तर स्वस्त बाटली आयात करणे मूर्खपणाचे ठरते, तसेच झाले. शिवाय व्यापारी सहसा डझनाने किंवा पिंपानेच विकी. एक बाटली हवी असेल तर गुत्त्यात जावे लागे आणि अब्रूदार घरातील माणूस, विशेषतः स्त्री, तेथे जात नसे.

२३ जानेवारी १८६० रोजी इंग्लंड व फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला. रिचर्ड कॉब्डन आणि मिशेल शेव्हालिए हे त्याचे शिल्पकार. पुढच्याच महिन्यात अर्थमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांनी अंदाजपत्रकात वाइनवरील जकात एकदम ३ शिलिंगांवर आणली. १८६२ पर्यंत हलक्या वाइनसाठी ती अवघी १ शिलिंग गॅलन झाली. जड वाइनला २ शिलिंग ६ पेन्स. सीमारेषा आजच्या भाषेत साधारण १५ टक्के मद्यार्काची होती. बाटलीमागे साडेअकरा पेन्स होते तेथे दोन पेन्स आले. आणि त्याच १८६० साली, जकातीहून कमी गाजलेला पण आमच्या मते अधिक दूरगामी असा एक कायदा झाला. साध्या दुकानदाराला परवाना घेऊन सीलबंद बाटलीतून वाइन विकण्याची मुभा मिळाली. अट अशी की ती दुकानात प्यायची नाही, घरी न्यायची. इंग्लंडात अशा दुकानाला पुढे 'ऑफ-लायसन्स' म्हणू लागले. खाणावळींनाही जेवणासोबत वाइन देण्याची सोय झाली.

ग्लॅडस्टन यांची भूमिका अशी की वाइन ही धनिकांची चैन आहे ती निसर्गाने नव्हे, कराने. जेवणाबरोबर घरात घेतलेली हलकी वाइन लोकांना जिन व कडक दारूपासून दूर नेईल. भूमिका उदात्त खरी. ती कितपत खरी ठरली ते पुढे पाहू.

एका बाटलीची मुभा ही क्षुल्लक बाब वाटेल. आमच्या धर्मग्रामातील दुकानदारांना ती तशी वाटणार नाही. शंभर ग्रॅम तेल, एक वडी साबण, पाच रुपयांची चहापूड अशा सुट्या मापानेच गरिबाचा संसार चालतो. डझनाने घेणारा स्वस्त घेतो आणि एकेक घेणारा महाग घेतो किंवा घेतच नाही, हा अर्थशास्त्राचा धडा कोणत्याही वाण्याला ठाऊक असतो. वस्तू कोणत्या मापात विकली जाते यावर ती कोणाची हे ठरते.

हे ओळखणाऱ्यांत वॉल्टर आणि आल्फ्रेड गिल्बी हे बंधू होते. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर १८५७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये वाइनचे दुकान थाटले. वसाहतींच्या मालावर निम्मी जकात होती, म्हणून ते दक्षिण आफ्रिकेतील केपची स्वस्त वाइन विकीत. १८६० मध्ये ती सवलत गेली आणि केपचा व्यापार कोसळला. दुसरे कोणी असते तर बुडाले असते. गिल्बींनी फ्रान्सकडे मोहरा वळवला आणि गावोगावच्या किराणा दुकानदारांना आपले अडत्ये नेमले. बाटलीवर नाव, सील आणि ठरलेली किंमत. गिऱ्हाईक चहा-साखरेबरोबर एक बाटली पिशवीत टाकून घरी नेऊ लागले. सीलबंद बाटलीवर नाव असल्यामुळे बिघडलेल्या मालाची तक्रार कोणाकडे करायची हेही ठरले. देहदंडाने जे सहजी साधले नव्हते, ते काही अंशी नावाच्या चिठ्ठीने साधले.

मात्र नवे गिऱ्हाईक घरी गेल्यावर नवाच घोटाळा झाला. येथे आमच्या सॅक्रिस्टीतील बाटलीची पुन्हा आठवण होते. पोर्टमध्ये सुमारे २० टक्के मद्यार्क असतो आणि सिरका बनवणाऱ्या जंतूंचा त्यात टिकाव लागत नाही. पोर्टची बाटली उघडून कपाटात ठेवली, रविवारी एकेक पेला घेतला, तरी ती कित्येक आठवडे टिके. इंग्रज गृहिणीची सवय त्यावर घडलेली. तिने हलक्या क्लॅरेटची बाटली त्याच कपाटात, बहुधा स्वयंपाकघराच्या उबेत, उभी ठेवली. तिसऱ्या दिवशी ती आंबट. दोष कोणाचा? लोकांनी तो अर्थमंत्र्यांच्या माथी मारला. स्वस्त, आंबट तांबड्या वाइनला लोक थट्टेने 'ग्लॅडस्टन क्लॅरेट' म्हणू लागले. काही माल मुळातच वाईट होता, हे नाकारता येत नाही. पण पुष्कळसा घरात बिघडला असावा, असे आम्हाला अनुभवावरून वाटते.

१८६१ मध्ये मिसेस बीटन यांचे गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तक ग्रंथरूपाने निघाले. त्यात वाइनची निगराणी बटलरच्या कामांत येते. पिंपातील वाइन नितळ करणे, बाटल्यांत भरणे, तळघराची वही ठेवणे ही त्याची कामे. त्याच सुमारास वाण्याच्या दुकानातून जी बाटली घरोघर जाऊ लागली होती, त्या घरांत ना बटलर होता ना तळघर. जुने ज्ञान मोठ्या घरांपाशी राहिले, वस्तू तेवढी लहान घरांत पोहोचली.

ते ज्ञान फ्रान्समध्ये नव्याने सिद्ध होत होते. फ्रेंच वाइन प्रवासात व साठवणीत बिघडते, ही त्या देशाच्या व्यापाराची डोकेदुखी झाली होती. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६३ मध्ये हा प्रश्न लुई पाश्चर यांच्यावर सोपवला. पाश्चर आपल्या बालपणीच्या आर्बुआ गावी गेले, तेथे साधीशी प्रयोगशाळा मांडली आणि बिघडलेल्या वाइनचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. १८६६ मध्ये त्यांचा वाइनवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाइन आपोआप 'मरत' नाही, तिला सूक्ष्म जीव बिघडवतात. सिरका करणाऱ्या जंतूला हवा लागते. आणि वाइन थोडा वेळ ५० ते ६० अंशांच्या दरम्यान तापवली तर ती टिकते. आज आपण दुधाच्या पिशवीवर जो शब्द वाचतो तो या प्रयोगांतून आला. दुधाची कीर्ती नंतरची. आधी होती ती वाइन. पाश्चर यांच्या श्रद्धेविषयी आमच्या वर्तुळात बरेच लिहिले गेले आहे, त्यात भर घालत नाही.

आता ग्लॅडस्टन यांच्या आशेचे काय झाले ते सांगायला हवे. वाइनचा खप पंधरा वर्षांत दुपटीहून अधिक वाढला, हे खरे. पण कडक दारूचा खप घटला नाही. मजुरी वाढली तसा तोही १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढतच गेला. मजुराने जिन सोडून क्लॅरेट धरली असे घडले नाही. क्लॅरेट मध्यमवर्गाने धरली. आणि एक नवी तक्रार उठली. किराणा दुकानाच्या परवान्यामुळे स्त्रिया चोरून पिऊ लागल्या आहेत, नवऱ्याच्या हिशेबात बाटली 'किराणा' म्हणून लागते, असे डॉक्टर, दारूबंदीवाले आणि (धंदा बुडतो म्हणून) गुत्तेवालेही एका सुरात म्हणू लागले. उमरावांच्या सभागृहाने १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्यपानाविषयी चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे या परवान्यांवर साक्षी झाल्या. आरोपांत अतिशयोक्ती होती असे इतिहासकारांचे सर्वसाधारण मत. आम्हाला मात्र ते सारे आरोप झटकून टाकता येत नाहीत. तीस वर्षांच्या सेवेत दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. अंत्यविधीनंतर मागील दाराशी बसलेल्या विधवेला कोणत्या करकपातीचे कौतुक सांगावे? आणि तरीही, त्या घरांत जी बाटली होती ती बहुतेक वेळा द्राक्षारसाची नव्हती, हेही तितकेच खरे.

हा वाद आमच्या दारात आला तो २७ जानेवारी २०२२ रोजी. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळे कपाट ठेवून वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला. शाळा व प्रार्थनास्थळांजवळची दुकाने वगळायची होती. द्राक्ष उत्पादकांना बाजार मिळेल, असे सरकारचे म्हणणे. घरे बिघडतील, असे विरोधकांचे. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारने जनतेच्या हरकती-सूचना मागवण्याचे ठरवल्यावर तो मागे घेतला. १८६० च्या लंडनमधील वृत्तपत्रे आणि त्या आठवड्यातील आपली वृत्तपत्रे शेजारी ठेवली तर काही परिच्छेद अदलाबदल करून छापता येतील. फरक एवढाच की तेथे द्राक्षे परदेशची होती, येथे ती नाशिकच्या शेतकऱ्याची आहेत, आणि अवकाळी गारपीट झाली की तोच शेतकरी आत्महत्येच्या बातमीत दिसतो. आमचे मत विचाराल तर दुकानापेक्षा घराची आम्हाला अधिक काळजी वाटते. पण त्या वादात साठवणीचा प्रश्न कोणी काढलाच नाही, याचे नवल वाटले.

कारण आपले हवामान पाश्चरच्या आर्बुआसारखे नाही. १२ ते १५ अंश तापमान वाइनला मानवते. आपल्या पोटमाळ्यावर पत्र्याखाली एप्रिलमध्ये किती असते ते वाचकांनी आठवावे. परदेशातून आलेल्या मुलाने दिलेली बाटली 'जुनी होईल तशी चांगली' म्हणून काचेच्या कपाटात पाच-पाच वर्षे उभी ठेवलेली आम्ही घराच्या आशीर्वादाच्या वेळी अनेकदा पाहतो. यजमान कौतुकाने दाखवतात. आम्ही काही बोलत नाही. मुरवून सुधारणारी वाइन थोडी आणि महाग असते. साधी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायचीच असते, रोमन गुलामांच्या पेयासारखी. घेतानाही दुकानाच्या उन्हातल्या काचेमागची बाटली घेऊ नये. बाटलीवर छापलेला महिना पाहावा. बूच वर उचललेले दिसले तर ती परत द्यावी. घरी आणल्यावर अंधारी, थंड, न हलणारी जागा हवी. जिन्याखाली किंवा पाण्याच्या माठांजवळ, जमिनीलगत. बूच असेल तर आडवी, म्हणजे ते ओले राहते. फिरकीचे झाकण असेल तर उभी चालते. उघडल्यावर उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली तर हवेला जागा राहत नाही आणि ती आणखी काही दिवस निभते.

हवेला जागा न देण्याची सर्वांत हुशार युक्ती ऑस्ट्रेलियात निघाली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेनमार्क गावच्या थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये खोक्यातील प्लॅस्टिकच्या पिशवीत वाइन विकायला काढली. आरंभी पिशवीचा कोपरा कात्रीने कापावा आणि कपड्यांच्या चिमट्याने बंद करावा अशी सोय होती. दोन वर्षांनी दुसऱ्यांनी तिला नळ बसवला. वाइन काढली की पिशवी आक्रसते, आत हवा शिरत नाही, आणि स्वस्त वाइन उघडल्यावरही कित्येक आठवडे टिकते. जाणकारांनी तिला नाके मुरडली. आम्हाला मात्र वाटते, गालीलातील श्रोत्यांनी ती वस्तू पाहताच ओळखली असती. बुधलाच तो, फक्त कातड्याचा नाही.

विश्वासाचा जुना प्रश्न अद्याप सुटलेला नाही. १९८६ मध्ये इटलीत अगदी स्वस्त वाइनमध्ये मेथिल मद्यार्क मिसळला गेला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. सील होते, नाव होते, आधुनिक प्रयोगशाळा होत्या. मरणारे तेच, किमतीकडे पाहून बाटली उचलणारे.

मिस्साच्या द्राक्षारसाचा प्रश्न रोमने आपल्यापुरता पूर्वीच सोडवला होता, हे आम्हाला उशिरा कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, उष्ण प्रदेशांत व लांबच्या प्रवासात द्राक्षारस नासू नये म्हणून त्यात द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क ठरावीक मर्यादेत मिसळण्यास अनुमती मिळाली होती. आमचा नेहमीचा जड द्राक्षारस टिकतो तो त्यामुळे. ती सोय ज्यांनी विचारून घेतली, त्यांच्यापैकी कोणाच्या तरी सॅक्रिस्टीतही एखाद्या सकाळी आमच्यासारखीच बाटली निघाली असावी.

आता आम्ही लहान बाटल्या मागवतो. कपाट पश्चिमेच्या भिंतीवरून हलवून उत्तरेच्या कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवले आहे. बाटली उघडली की सॅक्रिस्टन चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख लिहितात. तारीख कालची असली तरी ते रोज पहाटे बूच काढून ती नाकाशी नेतातच, आणि मग आमच्याकडे पाहून मान हलवतात.